रडार-प्रतिमांवरून भू-आवरणाचे वर्गीकरण : शिंदखेडा तालुक्याच्या निमित्ताने

महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात भूमीची पहिली विभागणी दोन शब्दांत होत असे : पांढरी आणि काळी. जेथे वस्ती ती पांढरी, जेथे पीक ती काळी. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याची उपग्रहावरील रडारने घेतलेली उन्हाळ्यातील प्रतिमा प्रथमच पाहणारास असे वाटण्याचा संभव आहे की, यंत्रानेही हीच विभागणी स्वीकारली आहे. शिंदखेडा, दोंडाईचा ह्यांसारखी गावे तीत पांढऱ्या ठिपक्यांच्या पुंजक्यांसारखी उमटतात आणि सभोवारची शेते काळपट दिसतात. परंतु हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर त्याच शेतांची प्रतिमा पाहिली, तर काल काळपट दिसणारे वावर आज उजळ झालेले आढळते. माती तीच, मालक तोच, पीक अद्याप पेरलेलेही नाही. मग बदलले काय ? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच रडार-प्रतिमांच्या वाचनाची पहिली पायरी होय.

प्रस्तुत लेखात ह्या वाचनाची मूलतत्त्वे सांगून, त्यांवरून भू-आवरणाचे वर्ग कसे ठरवितात व ते ठरविताना कोठे घोटाळा होतो, ह्याचे विवेचन करावयाचे आहे. विषय भूगोलाचा व भौतिकीचा असला, तरी वर्गीकरण म्हणजे अखेर नाव देणे होय. आणि नाव देण्याच्या व्यवहारात भाषाशास्त्राच्या अभ्यासकासही दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे, असे मानावयास हरकत नसावी.

१. रडारला काय दिसते

नेहमीचा उपग्रह-कॅमेरा सूर्याच्या परावर्तित प्रकाशावर अवलंबून असतो. रडारचे तसे नाही. ते स्वतःच सूक्ष्मतरंगांचा स्पंद तिरकस दिशेने भूमीकडे सोडते व परत येणारा प्रतिध्वनी टिपून घेते. त्यामुळे रात्र आणि ढग ह्या दोहोंचा अडथळा त्यास होत नाही. अवकाशात नेता येईल एवढ्या लहान अँटेनाने बारीक तपशील टिपणे एरवी शक्य नसते; परंतु उपग्रह पुढे सरकत असताना एकाच जागेवरून आलेले अनेक प्रतिध्वनी गणिताने एकत्र करून जणू फार लांब अँटेना वापरल्याचा परिणाम साधता येतो. ह्या पद्धतीस सिंथेटिक अपर्चर रडार असे नाव आहे.

खानदेशाच्या दृष्टीने ह्या गुणाचे महत्त्व उघड आहे. कापूस, बाजरी, मूग, मका ही खरिपाची पिके जून ते सप्टेंबर ह्या काळात वाढतात, आणि नेमक्या त्याच काळात आकाश वरचेवर अभ्राच्छादित असते. पीक उभे असताना कॅमेरा आंधळा आणि पीक निघाल्यावर डोळस, अशी ही अडचण आहे. रडार तिच्यावरचा उपाय होय. भारताचा रिसॅट-१ हा रडार-उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी अवकाशात गेला. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ए एप्रिल २०१४ मध्ये सोडण्यात आला व त्याच्या प्रतिमा सर्वांस विनामूल्य उपलब्ध झाल्या. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये ई.ओ.एस.-०४ आणि ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका ह्यांचा संयुक्त निसार उपग्रह, अशी ही परंपरा चालू राहिली.

प्रतिध्वनी किती जोरकस येईल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : पृष्ठाचा खडबडीतपणा, त्यातील ओलावा आणि पृष्ठावर उभ्या असलेल्या वस्तूंची रचना.

खडबडीतपणा ही सापेक्ष गोष्ट आहे. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५·५ सेंटिमीटर आहे. ४० अंशांच्या तिरकस कोनातून पाहताना ह्या तरंगास जवळजवळ एक सेंटिमीटरपेक्षा कमी उंचसखलपणा गुळगुळीत भासतो. निसारवरील दीर्घ तरंग सुमारे २४ सेंटिमीटरचा आहे. त्याला चार सेंटिमीटरपर्यंतचा उंचसखलपणाही गुळगुळीतच वाटतो. म्हणजे नांगरून मोठी ढेकळे निघालेले वावर दोघांनाही खडबडीत, पण वखरून सारखे केलेले वावर एकाला खडबडीत व दुसऱ्याला गुळगुळीत, असे घडते. गुळगुळीत पृष्ठ आरशाप्रमाणे तरंग पुढे फेकून देते; उपग्रहाकडे फारसे काही परत येत नाही व ती जागा काळी दिसते. तापी नदीवरील सुलवाडे बंधाऱ्याचे शांत पाणी ह्याच कारणाने काळेभोर उमटते.

ओलाव्याचे कारण पाण्याच्या विद्युतीय गुणधर्मात आहे. कोरड्या मातीचा परावैद्युत स्थिरांक साधारण ३ ते ५ असतो, तर पाण्याचा ह्या कंप्रतेस ७० च्या वर. त्यामुळे माती थोडीही भिजली, की तिच्याकडून येणारा प्रतिध्वनी वाढतो. आरंभी उल्लेखिलेले वावर पहिल्या पावसानंतर उजळले ते ह्यामुळे.

तिसरी गोष्ट रचनेची. भिंत व जमीन ह्यांच्या काटकोनातून तरंग दोनदा उसळून थेट उपग्रहाकडे परततो; म्हणून वस्ती पांढरी. पिकाच्या पानाफांद्यांत तरंग अनेकवार आपटतो व त्यात त्याची कंपनदिशा अंशतः बदलते. उभ्या कंपनाचा तरंग सोडून आडव्या कंपनाचा प्रतिध्वनी वेगळा मोजला, तर हा बदल टिपता येतो. उघड्या मातीत हा आडवा प्रतिध्वनी फारच क्षीण असतो, दाट पिकात तो वाढतो. पावसाने भिजलेले रिकामे शेत आणि पिकाने भरलेले शेत ह्यांत भेद करण्याचे हे एक मुख्य साधन आहे.

दिशेचाही विचार करावा लागतो. धुळे-नंदुरबार भागात बेसॉल्ट खडकाच्या उभ्या भित्तींच्या, म्हणजे डाइकांच्या, लांबच लांब टेकड्या आहेत व त्या बहुतांशी पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य अशा पसरल्या आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा सेंटिनेल-१ उजव्या बाजूस, म्हणजे जवळजवळ त्याच पूर्व-ईशान्य दिशेस पाहतो. दृष्टीच्या रेषेस आडवी असणारी टेकडी प्रतिमेत उठून दिसते, समांतर असणारी दबून जाते. त्यामुळे जी भूरूपे नुसत्या डोळ्यांस ह्या प्रदेशाची ओळख वाटतात, तीच रडारच्या एका फेरीत फिकी पडू शकतात.

२. समरूप शब्द आणि संदर्भ

भाषेत उच्चार एक व अर्थ दोन, असे शब्द असतात. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सारा, आणि ‘कर’ हे आज्ञार्थी क्रियापदही. सुटा शब्द ऐकून निर्णय होत नाही, वाक्य लागते. रडार-प्रतिमेतही असेच आहे. उन्हाळ्यातील पांझरेच्या पात्रातील कोरडी, सपाट वाळू आणि बंधाऱ्यातील शांत पाणी ही दोन्ही काळी दिसतात. मुडावदजवळ, जेथे पांझरा तापीस मिळते, तेथे एकाच प्रतिमेवरून पाणी कोठे संपले व वाळू कोठे लागली हे सांगणे अवघड जाते. उलट वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या, तर तेच पाणी उजळ होऊन शेतासारखे भासते.

ह्यावर उपाय संदर्भाचा, आणि रडारच्या बाबतीत संदर्भ म्हणजे काळ. सेंटिनेल-१ मालिकेतील एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच मार्गावरून पुन्हा जातो. वर्षभराच्या अशा तीसेक प्रतिमा एकापुढे एक मांडल्या, की प्रत्येक जागेचे एक वाक्य तयार होते. खोल पाणी वाऱ्याचे दिवस सोडल्यास बाराही महिने काळे राहते. वाळू पावसाळ्यात भिजते, बुडते, पुन्हा उघडी पडते. कोरडवाहू कापसाचे वावर मे महिन्यात काळपट, जून-जुलैत ओलाव्याने उजळ, आणि पुढे झाडाचा पसारा वाढत जातो तसा त्याचा आडवा प्रतिध्वनी चढत जातो. बाजरी लवकर निघते; तिची रेषा सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली येते. कापूस मात्र वेचण्या चालू असेपर्यंत उभा असतो, व वेचणी संपल्यावरही पऱ्हाट्या काही काळ रानात राहतात. ज्या वावरात ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर रेषा पुन्हा चढू लागते, तेथे रब्बीचा गहू किंवा हरभरा असण्याचा संभव अधिक, आणि तेथे पाण्याची काहीतरी सोय असण्याचाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही पद्धत अनोळखी वाटू नये. एकाच स्वनिमाची परिसरानुसार निरनिराळी उच्चाररूपे होतात. ती परस्परांहून भिन्न ऐकू आली तरी आपण त्यांस एकच मानतो, कारण त्यांच्या येण्याच्या जागा ठरलेल्या असतात. जूनमधील उघडी माती, सप्टेंबरमधील हिरवे रान आणि फेब्रुवारीतील पऱ्हाट्या ही कापसाच्या वावराची अशीच तीन रूपे आहेत. जो प्रत्येक रूपास स्वतंत्र वर्ग मानील, त्याच्या नकाशात एकाच शेताची तीन शेते होतील.

३. यंत्राला शिकविणे

ह्यापुढील काम गणकयंत्राचे. प्रत्येक चौकटीचे, म्हणजे पिक्सेलचे, निरनिराळ्या तारखांचे आकडे यंत्रास देतात. सेंटिनेल-१ च्या नेहमीच्या प्रतिमेत ही चौकट १० मीटर लांब व १० मीटर रुंद असते. पाच एकरांचे शेत म्हणजे अशा सुमारे २०० चौकटी. परंतु एका चौकटीवर विसंबून चालत नाही. एका चौकटीतील असंख्य ढेकळे, पाने व दगड ह्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून कधी परस्परांस वाढवितात, कधी मारतात. त्यामुळे एकसारख्या शेतातही मीठमिरी शिंपडल्यासारखे काळे-पांढरे कण दिसतात. हा गोंगाट सरासरी काढून कमी करतात, परंतु सरासरीबरोबर बांधावरची झाडे व अरुंद पट्टेही पुसट होतात.

नंतर नमुने द्यावे लागतात. अभ्यासक गावात जाऊन अमुक जागी कापूस, अमुक जागी माळ, अशी नोंद करून आणतो. यंत्र त्या नोंदींवरून आकड्यांचे नियम बसविते व उरलेल्या लक्षावधी चौकटींस त्या नियमांनी नावे देते. सध्या प्रचारात असलेल्या रँडम फॉरेस्ट पद्धतीत असे शेकडो निर्णयवृक्ष उभारून त्यांचे बहुमत घेतात. पद्धत कोणतीही असो, नमुना देणारा हा आमच्या क्षेत्रकार्यातील निवेदकाच्या जागी असतो. त्याने जे शब्द दिले त्यांपलीकडचा शब्द यंत्र बोलू शकत नाही.

नकाशा कितपत खरा, हे राखून ठेवलेल्या दुसऱ्या नमुन्यांवरून तपासतात. केवळ समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तपासणीच्या २०० जागांपैकी १५० कोरडवाहू, ३० बागाईत व २० गवताळ माळ आहेत असे समजा. यंत्राने कोरडवाहूंपैकी १४५ बरोबर सांगितल्या, ३ बागाईतात व २ माळात टाकल्या. बागाईतातील २४ बरोबर व ६ कोरडवाहूत गेल्या. माळाच्या मात्र ८ च बरोबर आल्या आणि १२ कोरडवाहूत गेल्या. एकूण १७७ जागा बरोबर, म्हणजे अचूकता ८८·५ टक्के. आकडा समाधानकारक दिसतो. पण वर्गवार पाहिले, तर यंत्राने ज्या १० जागांस माळ म्हटले त्यांतील ८ खरोखर माळ आहेत, म्हणजे नकाशा जेव्हा माळ म्हणतो तेव्हा तो बहुधा खरा असतो. परंतु प्रत्यक्षातील २० माळांपैकी १२ नकाशातून नाहीसे झाले आहेत. पहिला प्रश्न नकाशा वापरणाराचा, दुसरा ज्याची जमीन मोजली त्याचा. लहान वर्गाचे नुकसान मोठ्या वर्गाच्या यशाखाली झाकले जाते, म्हणून केवळ एकूण टक्केवारी देऊन थांबणारा अहवाल अपुरा समजला पाहिजे.

४. नाव आणि वस्तू

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला तो. भू-आवरण आणि भूमि-उपयोग ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. जमिनीवर काय आहे, हे आवरण; माणूस तिचे काय करतो व कोणत्या हक्काने करतो, हा उपयोग. रडारला आवरणाचेदेखील तीनच गुण कळतात : खडबडीतपणा, ओलावा व रचना. उपयोग त्याला मुळीच दिसत नाही. उलट आपल्या महसुली व लोकव्यवहारातील शब्द बहुतेक सर्व उपयोगाचे आहेत. ‘गायरान’ हे गवताचे नाव नाही, ते गावाच्या हक्काचे नाव आहे. ‘पोटखराबा’ हा सातबाराच्या उताऱ्यावरील हिशेब आहे. ‘पडीक’ ह्या एका शब्दात यंदा पाऊस न झाल्याने पेरले नाही ते वावर आणि वर्षानुवर्षे नांगर न लागलेला बरड, दोन्ही येतात. ‘जिराईत’ व ‘बागाईत’ ह्यांतील भेद पिकाचा नसून पाण्याच्या सोयीचा आहे. विहीर आहे पण ह्या वर्षी आटली, अशा शेतास रडारने जिराईत म्हटले तर ते आपल्या परीने खरे बोलते, आणि तरीही नोंद चुकते.

ह्याचा परिणाम कोणावर होतो ते पाहावे. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ आपले कळप घेऊन माळांवर व पीक निघालेल्या रानांत फिरतात. सरकारी नकाशांत अशा माळांचा मोठा भाग ‘वेस्टलँड’ ह्या सदरात गणला जातो; त्या नावाचा देशव्यापी नकाशासंग्रह २००० सालापासून वेळोवेळी निघत आला आहे. मराठीत त्याचे भाषांतर ‘ओसाड जमीन’ असे करतात. नकाशा खोटा नाही : तेथे झुडपे व विरळ गवतच आहे. परंतु नावाने एक निर्णय आधीच देऊन टाकला, की ही जमीन कोणाच्या उपयोगाची नाही. ‘झुडपी गवताळ माळ’ असे नाव दिले असते, तर तो प्रश्न खुला राहिला असता.

नोंदीतील एका शब्दाची किंमत किती असू शकते, हे ह्या तालुक्याने जवळून पाहिले आहे. विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील ह्यांची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. शेतातील आंब्याची झाडे व सिंचनाची सोय लक्षात घेता मिळालेला मोबदला अत्यल्प आहे, अशी त्यांची तक्रार होती. दाद मागूनही न मिळाल्याने त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विष घेतले व २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. उपग्रहाची साक्ष काढली असती तर हा तंटा मिटला असता, असे येथे सुचवावयाचे नाही. किंबहुना विरळ लावलेली आमराई ५·५ सेंटिमीटरच्या तरंगास झुडपी रानाहून वेगळी ओळखता येईलच, असा भरवसा देता येत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, जमिनीच्या वर्गाचे नाव हे विद्येच्या सोयीसाठी लावलेले लेबल नसून त्याच्यावर माणसाचे भवितव्य टांगलेले असते. दुष्काळाच्या बाबतीतही हेच आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यशासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिंदखेडा होता. आणि असे निर्णय २०१६ च्या दुष्काळ-संहितेपासून पर्जन्याबरोबरच उपग्रहावरून काढलेल्या वनस्पती-निर्देशांकाच्याही आधारे होऊ लागले आहेत.

खानदेशास वर्गीकरणाचा हा अनुभव नवा नाही. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी करून मातीचा पोत, खोली व दोष ह्यांवरून प्रती ठरविण्यास सुरुवात झाली, तेव्हा १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांत लोक मोजणीविरुद्ध उठले होते. भाषेचेही तेच झाले. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात घेतली, आणि खानदेशी मात्र १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर ठेवली. अनेक मराठी अभ्यासक अहिराणीस मराठीची बोली मानतात. २०११ च्या जनगणनेत ती ‘खानदेशी’ ह्या स्वतंत्र सदराखाली मोजली आहे. शिंदखेड्याच्या बाजारात बोलणारा मनुष्य ह्या सर्व काळात एकाच तऱ्हेने बोलत होता. वर्ग त्याच्या बोलण्यात नव्हता. तो वर्ग करणाराच्या प्रयोजनात होता. म्हणून ग्रियर्सनचे वर्गीकरण निरर्थक ठरत नाही. त्याने उतारे छापून ठेवले, त्यामुळे पुढील अभ्यासकास ते तपासून वेगळा निष्कर्ष काढता येतो. भू-आवरणाच्या नकाशाकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

५. क्षेत्रकार्य करणारांसाठी

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. पहिली, नमुना नोंदविताना तीन रकाने वेगळे ठेवावेत : जागेवर प्रत्यक्ष काय दिसले, गावकरी त्या जागेस काय म्हणतात, आणि महसुली दप्तरात काय लिहिले आहे. यंत्रास पहिला रकाना द्यावा. दुसरा व तिसरा नकाशावर नंतर चढवावा. तिघांचा मेळ न बसणे ही चूक नव्हे, तीच अभ्यासाची सामग्री आहे.

दुसरी, प्रत्येक नोंदीस तारीख हवी, आणि त्या तारखेच्या मागच्यापुढच्या दिवसांतील पावसाचीही नोंद हवी. सेंटिनेल-१ च्या फेऱ्या सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास होतात. सकाळच्या फेरीत पानांवरील दवाचाही प्रतिध्वनीवर परिणाम होतो. एप्रिलमध्ये पाहिलेल्या रिकाम्या वावरास ‘पडीक’ लिहून आणणारा विद्यार्थी यंत्रास ऑगस्टमधील कापूस शोधावयास असमर्थ करून ठेवतो.

तिसरी, माळ, आमराई, नदीकाठची वाळू ह्यांसारख्या लहान वर्गांचे नमुने त्यांच्या क्षेत्राच्या प्रमाणात न घेता मुद्दाम अधिक घ्यावेत व अचूकता प्रत्येक वर्गाची स्वतंत्र द्यावी. चौथी, ऱ्हस्व व दीर्घ अशा दोन्ही तरंगांच्या प्रतिमा मिळतील तेथे त्या एकत्र वापराव्यात. दीर्घ तरंग पानांतून खाली उतरून खोडांपर्यंत व मातीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे आमराई व झुडपी रान ह्यांतील भेद त्याला अधिक चांगला कळण्याचा संभव आहे.

रडारने आपल्याला पावसाळ्याच्या ढगाआड पाहण्याची शक्ती दिली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ते जे सांगते ते आकड्यांत सांगते. त्या आकड्यांस कापूस, माळ किंवा ओसाड म्हणणारे आपण असतो. तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीत जी पाचसहा नावे छापली जातात, त्यांची निवडही आकड्यांच्या तपासणीइतक्याच काळजीने झाली पाहिजे, आणि ती निवड कोणत्या आधारावर केली हे नकाशाबरोबरच नमूद केले पाहिजे.